डिझेल एंजिनाची निगा टाकीपासून सुरू व्हावी

पिकाला पाणी देण्याच्या ऐन पाळीत एंजिन बंद पडले म्हणजे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते. दुरुस्तीचा खर्च तर येतोच, शिवाय चुकलेली पाळी पुन्हा मिळत नाही. अशा वेळी दोष एंजिनाला किंवा कारागिराला दिला जातो. आमच्या मते तो प्रथम डिझेलच्या डब्यात शोधावयास हवा.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या हिश्श्यावर आणतो. त्यामुळे ती 500 अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र हा फवारा धुक्यासारखा बारीक असावा लागतो. त्यासाठी टाकीतून गाळणीवाटे आलेले डिझेल इंजेक्शन पंप मोठ्या दाबाने नोझलकडे पाठवितो. शेतीच्या साध्या एंजिनात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलोग्रॅम असतो.

एवढा दाब टिकावा म्हणून पंपाचा दांडा त्याच्या नळकांड्यात अत्यंत घट्ट बसविलेला असतो. दोहोंमधील फट केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते. तेथे धूळ शिरली की ओरखडे पडतात आणि दाब उतरतो. नोझल खराब झाले की ते फवारण्याऐवजी ठिबकू लागते, काळा धूर येतो व डिझेल अधिक जळते. पाण्याने हेच भाग गंजतात. म्हणून गाळणी काढून एंजिन चालविणे ही काटकसर नव्हे. ती उधळपट्टी होय.

डिझेल झाकणाच्या स्वच्छ डब्यात साठवावे आणि तळचा गाळ न ढवळता, बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओतावे. टाकी सायंकाळीच भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने रिकाम्या जागेत पाणी साचत नाही. ती पूर्ण रिती होऊ देऊ नये; नळीत हवा शिरली की एंजिन चालू होत नाही व ती हवा काढून टाकावी लागते. गाळणी माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीस बदलावी. पंप शेतावर उघडू नये. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एंजिनाचे प्रात्यक्षिक हँडलपासून नव्हे, तर टाकी आणि गाळणीपासून सुरू करावे. दुरुस्ती कारागिराच्या हाती आहे. परंतु ती लांबविणे शेतकऱ्याच्याच हाती आहे.