चार बेवडे एकत्र बसून काय करणार?

देवळाली कॅम्पात दारू सोडू पाहणाऱ्याला सल्ल्यांचा तोटा नाही. कोणी माळ घालायला सांगतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो, कोणी पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देतो. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जा म्हटले, की मात्र नाके मुरडली जातात. ‘चार बेवडे एकत्र बसून एकमेकांची दारू काय सोडवणार?’ हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही, कारण तो ऐकून माणसे घरीच बसतात.

एएचा जन्मच मुळी या प्रश्नाच्या उत्तरातून झाला. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला होता. काम फिसकटले, हॉटेलच्या लॉबीतून बार खुणावत होता आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. तो बारकडे न जाता फोनकडे वळला. पाद्र्यांना फोन करून तो विचारत राहिला, ‘मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का?’ त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. या डॉक्टरांनी दारू सोडली तो १० जून १९३५ हाच एएचा स्थापनादिन. डॉक्टर, पाद्री, बायको यांनी सांगून जे झाले नव्हते, ते तोच चटका खाल्लेल्या माणसाने साधले.

सल्ला कितीही खरा असला तरी पिणारा तो वरून आलेला उपदेश म्हणून झटकतो. ‘मीही बाथरूमच्या टाकीत क्वार्टर लपवायचो’ असे समोरचा बोलला, की झटकायला काही उरत नाही. पुरावाच हवा असेल तर कॉक्रेन या संस्थेचा २०२० सालचा आढावा पाहावा. त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे होती. एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांनंतर सुमारे ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे पूर्ण कोरडी राहिली नाहीत. हा चमत्कार नव्हे, पण नाके मुरडणाऱ्यांच्या हाती याहून बरे काही नाही.

दुसरा आक्षेप खास कॅम्पातला. ‘फौजी माणूस शिस्तीचा. मनात आणले तर उद्या सोडेल.’ माजी सैनिकाच्या कार्डावर कॅन्टीनमधून दारूचा कोटा मिळतो, संध्याकाळी मित्र जमतात, आणि हे ‘उद्या’ पेन्शनीची दहा वर्षे खाते. शिस्त खोटी नाही, पण एकट्याने ठाणे राखता येत नाही हे तोफखान्याच्या या गावाला कोणी शिकवायला नको. विल्सन स्वतः पहिल्या महायुद्धात तोफखान्यातच अधिकारी होता आणि त्याचे पिणे लष्करी नोकरीतल्या मेजवान्यांतच सुरू झाले.

तिसरा आक्षेप अब्रूचा. ‘हौसन रोडवर सगळे ओळखतात, उद्या गावभर होईल.’ गावाला आधीच ठाऊक आहे. रात्री रिक्षातून उतरवून घरी कोणी पोहोचवले, हे शेजाऱ्यांना पाठ असते. ठाऊक नसते ते एवढेच, की हा आता सोडू पाहतो आहे. शिवाय एएमध्ये नोंदवही नाही, आडनाव विचारत नाहीत, फी नाही. पाहुणा म्हणून शेवटच्या रांगेत गुपचूप बसता येते. शेवटी थैली फिरते, तीत ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत. बाहेरची देणगी एए घेतच नाही. सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. दारू सोडण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांत ‘ईश्वर’ हा शब्द येतो हे खरे, पण ‘आपल्याला जसा उमगेल तसा’ ही सवलतही तिथेच आहे. गणपतीला हात जोडणारा आणि कशालाच न जोडणारा, दोघांनाही तिथे खुर्ची मिळते.

एक आक्षेप मात्र मान्य केलाच पाहिजे. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. पण ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी उपचार घेऊन परतल्यावर काय? तेच घर, तेच मित्र, तीच सात वाजताची वेळ. या सात वाजण्याला औषधाची गोळी पुरत नाही. तिथे माणूस लागतो.

तर शोधायचे कसे? १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारावे, मानसोपचारतज्ज्ञाला किंवा व्यसनमुक्ती केंद्राला विचारावे. गटाची जागा-वेळ बदलते, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करावी. गावात ओळखीचे भेटतील ही धास्ती असेल तर नाशिकरोडचा किंवा नाशिकचा गट गाठावा, मराठी की हिंदी तेही विचारून घ्यावे. पहिल्या दिवशी पटले नाही तर दुसरा गट पाहावा. एका गटावरून सगळ्यांची परीक्षा करू नये. बायकोने नवरा तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट आहेत आणि तिथे पिणाऱ्याची परवानगी लागत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने दाखवून दिले, की देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना शहाणपणाचे बोल भरपूर मिळतात. कॅम्पातल्या शाळा, चर्च आणि मंडळांनी बोल पुरे करून आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली द्यावी. भाडे गट स्वतः देईल. त्यांची रीतच तशी आहे.