वेलांटीचा न्याय

परीक्षेचा हंगाम आला की मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत एक करमणुकीचा कार्यक्रम ठरलेला असतो. उत्तरपत्रिकांतील अशुद्ध शब्द एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हसायचे. प्रस्तुत लेखकानेही या कार्यक्रमात पंधरा-सोळा वर्षे हौसेने भाग घेतला आहे. त्यामुळे पुढील मजकूर आरोप वाटला, तरी त्यात आरोपी म्हणून माझेही नाव आहे.

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारा मुलगा होता. बहिणाबाई चौधरींच्या कवितेवर तो वर्गात जे बोले, ते टीपणवहीतून उतरवलेले नसे. शेतात राबलेल्या माणसाचे असे. उत्तरपत्रिका मात्र वाचवत नसे. जोडाक्षरे सुटी पडलेली, काने गळलेले, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. ती उत्तरपत्रिका मी वर्गात वाचून दाखवली. वर्ग हसला. तोही हसला. दुसऱ्या सत्रात तो आला नाही. पुढे बाजारात त्याचे वडील भेटले. म्हणाले, "सर, इचारलं की समदं सांगतंय बघा पोरगं, पन कागद म्हटला की हात आखडतोय. ल्हानपनापासनं असंच. मास्तरांनी मारलं, आमीबी मारलं."

निदानाला लागणारी निम्मी माहिती या बोलण्यात होती. ती एम.ए. झालेल्या माणसाला कळली नाही.

डिस्लेक्सिया, डिसग्राफिया हे शब्द आपण ऐकलेले नव्हते असे नाही. २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' आला तेव्हा आपण सर्वांनी थिएटरात डोळे पुसले होते. परंतु त्यातला मुलगा शहरातला, इंग्रजी शाळेतला होता, हे आपल्या चांगलेच पथ्यावर पडले. हे दुखणे मोठ्या घरांचे. आपल्याकडची पोरे आळशी किंवा 'ढ'! डोळे पुसून आपण वर्गात परतलो आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगू लागलो.

शासनही यात फार मागे नव्हते. महाराष्ट्राने अशा विद्यार्थ्यांना शालेय परीक्षांत सवलती देण्यास १९९६ मध्येच सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा अशा त्या सवलती होत्या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत या मुलांना जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत ती दिली. पण सवलतीला प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्राआधी कोणाला तरी शंका यावी लागते. प्रमाणपत्र देणारी केंद्रे सुरुवातीची अनेक वर्षे प्रामुख्याने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होती. घेवड्याचे पीक सोडून मुंबईला खेपा घालणे कोरेगावच्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते, हे मान्य. पण शंका येण्यासाठी मुंबई लागत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने शिक्षकांना वापरता येईल अशी प्राथमिक चाचणी तयार केली आहे आणि ती ज्या थोड्या भारतीय भाषांत आहे, त्यांत मराठी आहे. आपल्यापैकी किती मराठी विभागांनी ती पाहिली आहे? आमच्या विभागाने नाही.

शंका सर्वांत आधी कोणाला यायला हवी? माझे उत्तर : भाषेच्या शिक्षकाला. मुलाचे लेखन सर्वांत जास्त तोच वाचतो. आणि नेमका तोच आंधळा असतो, कारण त्याने वेलांटीला चारित्र्याचा दाखला मानलेले असते.

आपली लिपी उच्चारानुसारी आहे, म्हणून मराठी मुलाला वाचनाची अडचण येऊच शकत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. जरा पाहा. पहिली वेलांटी उच्चारायची अक्षरानंतर, काढायची अक्षराआधी. एकच 'र' सूर्यात डोक्यावर बसतो, सुऱ्यांत आडवा होतो, क्रमात तिरपा चिकटतो, ट्रकमध्ये पायाशी जातो. 'कवी' दीर्घ, 'कविता' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, 'फुले' ऱ्हस्व. रोजच्या बोलण्यात या भेदाने अर्थ बदलण्याचे प्रसंग फार थोडे. हे संकेत आहेत, आणि अलीकडचे आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ चे, त्यात चारांची भर १९७२ ची. त्यापूर्वी शतकानुशतके ज्या मोडीत मराठी दौलतीचा कारभार लिहिला गेला, त्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळला जात नसे. साताऱ्याची गादी आणि पेशव्यांचे दफ्तर एकाच वेलांटीवर चालले. आमच्या प्रथम वर्षाचा कारभार मात्र चालत नाही!

यावर ठरलेला आक्षेप असा, की मग प्रमाणभाषा बुडवायची काय? नाही. नियम शिकवावेत, आणि आजच्यापेक्षा चांगले शिकवावेत. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड क्रमाक्रमाने, बोटाने गिरवून, मोठ्याने म्हणत घातली, तर या मुलांनाही पुष्कळसे येते. शिवाय इतरांचेही त्यात नुकसान नाही. माझा आक्षेप मोजमापाला आहे. कवितेच्या आकलनाचे गुण आपण वेलांटीवर कापतो आणि त्याला वाङ्मयाची परीक्षा म्हणतो.

लेखनिकाविषयीची आपली नाराजी तर अधिकच मौजेची आहे. 'दुसऱ्याने लिहिलेले उत्तर याचे कसे?' असे विचारणारे आपण ज्ञानेश्वरी शिकवतो. ती ज्ञानेश्वरांनी नेवाशाला सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. बहिणाबाईंवरच्या प्रश्नाला माझ्या त्या विद्यार्थ्याला मी वीसपैकी चार गुण दिले होते. खुद्द बहिणाबाईंना किती दिले असते, हा हिशेब मी अजून टाळतो.

घराविषयी थोडेच लिहितो, कारण घरे शाळेचेच ऐकतात. शाळा 'लक्ष देत नाही' म्हणाली की घर मारते, शिकवणी लावते, मोबाइल काढून घेते. शाळेने जर सांगितले, की याला धडा वाचून दाखवा, उत्तर तोंडी विचारा, लेखन थोडे आणि रोज घ्या, आणि धाकट्या भावाशी तुलना करू नका, तर घर तेही करते. या कामासाठी पदवी लागत नाही. त्या वडिलांना हे पहिलीत कोणी सांगितले असते, तर त्यांनी हात उगारला नसता, असे त्यांच्या बोलण्यावरून मला वाटते. (त्यांनी माझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. तो काढला असता तर बरे झाले असते.)

अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत मी दोन सूचना मांडणार आहे. एक, वाङ्मयाच्या प्रश्नपत्रिकेत शुद्धलेखनाचे गुण आकलनाच्या गुणांपासून वेगळे दाखवावेत. दोन, प्रमाणपत्र असो वा नसो, अंतर्गत मूल्यमापनात मागेल त्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेचा पर्याय द्यावा. तीन सहकाऱ्यांना मसुदा दाखवला. एकाने त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दुरुस्त करून परत दिला. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.