हँडलवरचा मोबाइल

कोपर पुलावर संध्याकाळी सातच्या सुमारास जरा कडेला उभं राहावं. हा पूल सप्टेंबर २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नव्यानं उघडला. मधली दोन वर्षं डोंबिवलीकरांनी ठाकुर्लीच्या पुलावर गर्दी करून काढली. आता पुन्हा इथून दुचाक्यांचा लोंढा वाहतो, आणि त्यातल्या कितीतरी हँडलांवर एक चौकोनी उजेड असतो. नकाशा पाहत, बाण दाखवेल तिकडे वळत माणसं जात असतात.

तो मोबाइल ज्यात अडकवलेला असतो त्या होल्डरकडे मात्र कुणी बघत नाही. तो स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत मिळतो, तसा काही हजारांनाही मिळतो. मी आयुष्यभर बँकेत तारण तपासत आलो. वीस हजारांचा ऐवज दोनशेच्या प्लास्टिकवर टांगायचा, हा प्रस्ताव आमच्या कुठल्याही शाखाधिकाऱ्यानं मंजूर केला नसता!

घ्यायचाच तर नीट पाहून घ्यावा. मोटारसायकलचा हँडल म्हणजे उघडी नळी, बहुतेक बावीस मिलिमीटर जाडीची. तिच्यावर धातूची पकड स्क्रूनं घट्ट बसते. स्कूटरचा हँडल झाकलेला असतो, म्हणून तिथं आरशाच्या दांडीवर बसणारा होल्डर लागतो. नुसत्या स्प्रिंगवर भरवसा ठेवू नये. खड्ड्यात चाक आदळलं की धक्का खालून वर येतो, आणि अशा वेळी दोन्ही बाजूंनी दाबून धरलेला मोबाइल वरच्या वर उडतो. चारही कोपरे धरणारा आणि शेवटी कुलपासारखा अडकणारा होल्डर पाहावा. बसवल्यावर मोबाइल न लावता हातानं जोर लावून हलवून बघावा. सांधा फिरला तर दुकानदाराला तिथंच परत द्यावा. पावसाळ्यात पारदर्शक पिशवी उपयोगी पडते, पण मे महिन्याच्या उन्हात त्याच पिशवीत मोबाइल शिजतो.

कंपनांचा प्रश्न वेगळाच. ॲपल कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं, की जास्त ताकदीच्या इंजिनाच्या मोटारसायकलवर आयफोन लावू नये. कॅमेऱ्याचं चित्र स्थिर ठेवणारी आणि फोकस साधणारी यंत्रणा त्यानं बिघडू शकते. स्कूटरवर लावायचा तर कंपन शोषणारा होल्डर घ्यावा, आणि तोही फार वेळ वापरू नये. घरात जुना मोबाइल पडून असेल तर हँडलसाठी तोच काढावा, हे माझं काटकसरी मत.

मोबाइल पडला तर पैसे जातात, पण माझी खरी काळजी डोळ्यांची आहे. ताशी चाळीसच्या वेगानं जाणारी गाडी दोन सेकंदांत बावीस मीटर पुढं जाते, आणि तेवढा वेळ माणूस बाणाकडे बघत असतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला मोटार वाहन नियम मोबाइल फक्त रस्ता शोधण्यापुरता वापरू देतो, तेही लक्ष विचलित न होता. होल्डर कितीही भक्कम असला, तरी लक्ष सांभाळणं त्याच्या हातात नाही.

आणि जेवणाचे डबे, औषधं, किराणा घरपोच देणाऱ्या मुलांनी काय करावं? त्यांचा पगारच त्या पडद्यावर उमटतो. चालत्या गाडीवर नवी ऑर्डर वाजते, ती थोडक्या वेळात घ्यायची असते, आणि बोट क्लच किंवा ब्रेक सोडून पडद्यावर जातं. या मुलांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे; मला ते अन्यायाचं वाटतं. गाडी चालतेय की थांबलीय हे मोबाइलला कळतं. मग गाडी थांबेपर्यंत ऑर्डर राखून ठेवायला काम देणाऱ्या कंपन्यांना काय हरकत आहे? नोंदणीच्या दिवशी एक चांगला होल्डर बसवून दिला तरी त्यांचं दिवाळं निघणार नाही.

अर्थात त्या पडद्यावर सगळ्या ऑर्डरीच येतात असं नाही. संध्याकाळी तिथं ‘आई’ किंवा ‘घर’ ही अक्षरंही उमटतात. कुठे पोचलास, येताना कोथिंबीर आण, एवढंच सांगायचं असतं. आमच्या घरी आता साडेसहा ते साडेसात मुलाला फोन करायचा नाही, असं ठरलं आहे. कोथिंबीर मीच आणतो. सौ.ना ही व्यवस्था अजून पूर्ण पटलेली नाही.