पडताळणी माणसाची की कागदाची?

ब्रिटनमधील सोहम येथे २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. मारेकरी इयान हंटली हा शाळेचा रखवालदार होता. त्याच्यावरील लैंगिक गुन्ह्यांचे जुने आरोप हम्बरसाइड पोलिसांना ठाऊक होते. परंतु शिक्षा एकातही झालेली नव्हती आणि नेमणुकीपूर्वीच्या चौकशीत ते उघड झाले नाहीत. बिचर्ड चौकशी अहवालाने २००४ मध्ये या त्रुटीवर बोट ठेवले. २००६ मध्ये नवा कायदा झाला.

भारतातही ‘पॉक्सो’ नियम, २०२० नुसार शाळा व पाळणाघरांतील कायम आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची नियतकालिक पोलिस पडताळणी बंधनकारक आहे. बदलापूर प्रकरणानंतर, २०२४ मध्ये, तिच्या अंमलबजावणीचा प्रश्न राज्यात ऐरणीवर आला. मात्र एका ठाण्याची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दाखला निष्कलंक चारित्र्याचा नव्हे, यंत्रणेच्या अज्ञानाचाच ठरतो.