पट भरतो, वर्ग भरत नाही

(बी. ए. द्वितीय वर्ष)

जून महिना उजाडला की आपल्या भागात दोन प्रकारची धावपळ सुरू होते. पहिली लातूरच्या उद्योग भवनाच्या परिसरात आणि नांदेडच्या श्यामनगरात पाहावी. गादीची वळकटी, बादली आणि पत्र्याची पेटी घेऊन दूरदूरच्या जिल्ह्यांतून पालक आलेले असतात. खोली शोधायची, मेस ठरवायची, शिकवणीची फी भरायची. दुसरी धावपळ याच्या अगदी उलट दिशेने चाललेली असते. कला महाविद्यालयांतील प्राध्यापक दोघे दोघे मोटारसायकलवर बसून खेड्यांकडे निघतात. पिशवीत माहितीपत्रके, खिशात बारावी पास झालेल्या मुलांची यादी. पारावर बसून, चहा घेऊन, शेवटी एकच विनवणी केली जाते, ‘नाव तेवढं टाका, बाकीचं आम्ही बघतो.’

पहिल्या धावपळीत विद्यार्थी संस्थेला शोधत येतो, दुसरीत संस्थेला विद्यार्थी शोधत हिंडावे लागते. असे का व्हावे, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

प्रथम हे सांगतो की, या प्राध्यापक मंडळींना हसावे असे मला कधीच वाटले नाही. मुले कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की कार्यभार जातो आणि कार्यभार गेला की पद जाते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांची तर गोष्टच वेगळी. त्यांचे पुढच्या वर्षाचे घर त्या यादीवर चालायचे असते. पण नुकसान केवळ त्यांचेच होते असे नाही. तालुक्याच्या गावातील कला शाखेची तुकडी बंद पडली तर मुलगा कसाबसा नांदेड-लातूर गाठतो. मुलगी घरी बसते आणि वर्षाच्या आत तिचे लग्न ठरते. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गावातून माझ्या बरोबरीच्या ज्या मुली बारावी पास झाल्या, त्यांच्यापैकी कॉलेजात किती आल्या हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतात.

तेव्हा पटसंख्या वाढलीच पाहिजे. वाद एवढाच आहे की, ती ‘नाव टाका’ या मार्गाने वाढते काय?

नाव टाकलेला मुलगा जूनमध्ये फॉर्म भरतो आणि जुलैत चाकणच्या नाहीतर हैदराबादच्या गाडीत बसतो. तिकडे तो कंपनीत बारा बारा तास उभा असतो, इकडे हजेरीपटावर त्याचे नाव असते. परीक्षेला येतो, दोन विषय सुटतात, दोन राहतात. या मुलाला मी दोष देत नाही. घरी पैसे पाठवणारा तोच असतो. परंतु दिवाळीला गावी आल्यावर त्याचा धाकटा भाऊ त्याला विचारतो, ‘कॉलेजात काय शिकवतात रे?’ तेव्हा तो काय सांगणार? त्याने वर्ग पाहिलेलाच नसतो. त्या घरातून पुढच्या वर्षी दुसरे नाव येत नाही. जे आठ-दहा जण वर्गात खरोखर बसतात, तेही रिकाम्या बाकांकडे पाहून कंटाळतात. म्हणजे यंदाचा पट भरण्यासाठी आपण जे करतो, त्यानेच पुढच्या वर्षीचा पट रिकामा होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा आहे असेही नाही. अमेरिकेत कॅथलिक पंथाची अनेक लहान विद्यापीठे याच काळजीने ग्रासलेली आहेत. ऑकलंड येथील होली नेम्स विद्यापीठ १८६८ सालचे, ते २०२३ मध्ये बंद झाले. ऑल्बनीचे सेंट रोज कॉलेज १९२० सालचे आणि पेनसिल्व्हेनियातील कॅब्रिनी विद्यापीठ १९५७ सालचे, ही दोन्ही २०२४ मध्ये मिटली. तिन्ही संस्था जोगिणींच्या संघांनी काढलेल्या होत्या आणि आरंभी मुलींना शिकवणे हेच त्यांचे काम होते. विद्यार्थी घटले, पैसा आटला आणि कुलूप लागले. कॅब्रिनीची जागा तर शेजारच्याच व्हिलानोव्हा या मोठ्या कॅथलिक विद्यापीठाकडे गेली. धर्म तोच, परिसर तोच, एकाच्या दारात गर्दी आणि दुसऱ्याचे दार बंद. शहरातील मोठे कॉलेज आणि तालुक्याचे लहान कॉलेज यांचा आपल्याकडील हिशेब याहून फार निराळा नाही.

कॅथलिक म्हटल्यावर कोणाला हे उदाहरण फार दूरचे वाटेल. पण फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या क्रिस्तपुराणावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास पुरा होत नाही, आणि २०२० साली आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, जे साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. असो.

अशा लहान संस्था विद्यार्थी वाढवण्यासाठी काय करतात? नवे अभ्यासक्रम जोडतात, खेळांचे संघ काढतात, छापील फी मोठी ठेवून तीत भरघोस सूट देतात. आपल्याकडे चौकात फलक लागतात आणि त्यावर संस्थाचालकांचे फोटो असतात. फलक पाहून बी. ए. ला आलेला एकही विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. याउलट मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. ते १८६९ सालचे, नावाजलेले, त्याची आपली बरोबरी नाही. पण तेथे २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र केंद्र सुरू झाले. दृष्टी नसलेल्या मुलाच्या आईबापांना त्या दाराचा पत्ता विचारत यावेसे वाटेल, असे ते काम आहे. एखादे तरी काम असे हवे की, त्यासाठी लोकांनी आपला पत्ता विचारावा.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? लातूर पॅटर्न तर आपल्या अंगणातला आहे. त्याला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवणारे आपल्या कला शाखेत पुष्कळ आहेत आणि त्यात तथ्यही आहे. परंतु खेड्यातल्या माणसाने त्यात काय पाहिले हे विचारले पाहिजे. त्याने पाहिले की, येथे मास्तर वेळेवर येतो, पोराला बसवतो, दर आठवड्याला परीक्षा घेतो आणि पेपर तपासून हातात देतो. एका गावचा मुलगा डॉक्टर झाला की त्या गावची चार मुले पुढच्या वर्षी लातूरला येतात. मोटारसायकलवर कोणी बोलवायला जावे लागत नाही. गंमत अशी की, ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे नाव या पॅटर्नशी जोडले जाते, त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे, अमेरिकेतील निग्रो साहित्यावर मराठीत लिहिणारे गृहस्थ होते. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. कला शाखेचा माणूस विज्ञानाच्या मुलांसाठी शिस्त उभी करू शकतो, तर कला शाखेसाठीच ती का उभी राहू नये? आमचे निबंध कोणी तपासून परत दिले, त्यावर लाल शाईने दोन ओळी लिहिल्या, तर आम्हीही वर्गात येऊ. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते, तेथेच ते प्राचार्य झाले आणि १९८२ साली गेले. अजून त्यांचे नाव घेतल्यावाचून नांदेडची ओळख पुरी होत नाही. त्यांच्यासारखा माणूस दर वर्षी जन्मत नाही हे मान्य. पण पेपर तपासून देण्यासाठी कुरुंदकर असावे लागत नाही.

आता काही सूचना करतो. लहान तोंडी मोठा घास वाटला तर गुरुजनांनी क्षमा करावी.

बी. ए. ची फी हा आमच्या वाटेतला मोठा धोंडा नव्हे. धोंडा आहे एस. टी. चा आणि जेवणाचा. मुलींना बारावीपर्यंत एस. टी. चा पास मोफत असतो आणि तेरावीला पाऊल ठेवले की पैसे लागतात. नेमकी जेथे मुलगी थांबते तेथेच सवलतही थांबते! विद्यार्थी म्हणून सवलतीचा पास मिळतो, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीटही झाले आहे. पण ज्या घरात सोयाबीन विकल्यावाचून रोख रक्कम दिसत नाही, तेथे दर महिन्याला पाससाठी पैसे मागायचे म्हणजे दर महिन्याला ‘शिकून काय करायचंय’ हे ऐकून घ्यायचे. महाविद्यालयाने फलकांचा खर्च मुलींच्या पासवर करावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. चा संप चालला. त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यांतील किती मुलींची शाळा-कॉलेजे सुटली ती सुटलीच. तेव्हा वेळापत्रक करताना शेवटचा तास आणि शेवटची गाडी यांची गाठ घालून द्यावी. आजमितीस तास संपतो त्याच्या दहा मिनिटे आधी गाडी स्थानकातून निघालेली असते.

राहण्याचा प्रश्नही असाच. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. तेथे त्यांनी वर्गांबरोबर वसतिगृहांचाही विचार केला, कारण येणारे पोर कोठल्या घरातून येणार हे त्यांना ठाऊक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ चालवले ते याच कारणाने. आज ही योजना पुष्कळ ठिकाणी कागदावर आहे. वीस मुलांना ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज दोन तास काम आणि वेळेवर पैसे मिळाले, तर ती वीस मुले चाकणला जाणार नाहीत.

तिसरी अडचण आहे कागदांची. माझे वडील सातवीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘मेजर’, ‘मायनर’, ‘क्रेडिट’ हे शब्द मी प्रथम ऐकले तेव्हा समोरच्या माणसाला ‘म्हणजे काय’ असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांची निवड मोठी केली आहे, पण निवडावे कसे हे सांगणारा खिडकीत कोणी नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, स्वाधार योजनेची मुदत, यात एक कागद राहिला की वर्षाचे पैसे बुडतात आणि पैशांबरोबर विद्यार्थीही जातो. हे काम आम्ही द्वितीय-तृतीय वर्षाची मुले फुकट करू. आम्हाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि व्हरांड्यात थोडी जागा द्यावी.

आणि शेवटी, आपल्याकडे शिकण्यासारखे असे काय आहे जे दुसरीकडे मिळत नाही? माझ्या मते पुष्कळ आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवर, उदगीर, निलंगा कर्नाटकाच्या सीमेवर. तेथील पोरे घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलतात. आपण त्यांना ‘तुझी मराठी अशुद्ध आहे’ एवढेच सांगतो. तेलुगू-मराठी, कन्नड-मराठी अनुवादाचा नीट अभ्यासक्रम सीमेवरच्या महाविद्यालयाने चालवला, तर तो शिकायला पुण्याहूनही कोणी येईल. किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी गाणी अजून तोंडपाठ असलेल्या आज्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ज्यांनी घरे पडताना पाहिली, ती माणसे आता म्हातारी होत आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेणे हे इतिहास आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे काय? कंधार, औसा, उदगीरचे किल्ले, होट्टलची मंदिरे दाखवायला चांगला माहितगार मिळत नाही आणि आपल्या इतिहासाच्या वर्गात वीस जण बसून तहाची कलमे पाठ करतात.

‘हे सर्व करून नोकरी लागेल काय?’ असा माझ्या वडिलांचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. सर्वांना लागणार नाही. हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे. खेड्यातला माणूस दुष्काळ सोसतो, पण फसवणूक विसरत नाही.

म्हणून प्राचार्यांना एक विनंती करतो. येत्या जूनच्या माहितीपत्रकावर इमारतीचा फोटो थोडा लहान छापावा. उरलेल्या जागेत तालुक्याच्या गाड्यांच्या वेळा, मेसचा महिन्याचा खर्च आणि तीन वर्षांपूर्वी पास झालेली मुले-मुली आज काय करतात हे छापावे. जे पोलिसात लागले त्यांचे, जे शिक्षक झाले त्यांचे आणि जे शेतात आहेत त्यांचेही. आणि ते घेऊन खेड्यांत जाताना सरांनी मोटारसायकलच्या मागे आमच्यापैकी एकाला बसवावे.