टाळी एका हाताने वाजत नाही?

बजाजनगरात बायकांची बैठक बसली आणि नवऱ्याच्या मारहाणीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : "टाळी काय एका हातानं वाजती का?" हे बोलणारी दरवेळी सासूच असते असं नाही. शेजारीण असते, कधी कधी आपलीच कार्यकर्ती असते. ती उलट बोलली, पगार हातात दिला नाही, म्हणजे संकट तिने ओढवून घेतलं. अर्धी जबाबदारी तिची!

माणसं एकमेकांना डिवचतात हे खरं आहे. बाईही डिवचते. तिला देवी ठरवून आपण हे नाकारण्याचं कारण नाही. पण राग येणं आणि हात उगारणं यांच्यामध्ये एक निर्णय असतो, आणि तो मारणाऱ्याचा असतो. तोच नवरा कंपनीत सुपरवायझरच्या शिव्या मुकाट्याने ऐकतो. तिथे त्याचा हात उठत नाही.

कायदाही हा फरक करतो. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे कोणी जीव घेतला, तर गुन्ह्याची तीव्रता कमी होऊ शकते. पण गुन्हा मेलेल्याच्या नावावर चढत नाही. नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने आरोपीला आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं होतं. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याची जन्मठेप कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यावर त्याला भानावर यायला सुमारे तीन तास मिळाले होते, हे न्यायालयाने पाहिलं.

बाईच्या वाट्याला आलं की हाच तराजू उलटा होतो. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा तो हिशेब. वर्दी कोणाच्या अंगावर होती, दार कोणी बंद केलं, याला वजनच नाही. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला.

मग धोका निर्माण करणाऱ्यावर जबाबदारी येतच नाही का? येते. पण धोका निर्माण करतो कोण, ते आधी पाहू या. रात्री पाळी सुटल्यावर वाळूजच्या अंधाऱ्या रस्त्याने चालत खोलीवर जाणारी कंत्राटी कामगार बाई धोका निर्माण करत नाही. तिला गाडी न देता सोडणारा कंत्राटदार करतो, रस्त्यावर दिवा न लावणारे करतात. २०१५ साली महाराष्ट्राने कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली, ती सुरक्षितता आणि घराजवळपर्यंत वाहन या अटींवरच. ज्याच्या हातात धोका टाळण्याची सत्ता होती, जाब त्याला विचारायचा. जिला पोटासाठी त्या रस्त्याने जावंच लागतं, तिला नाही.

याची सुरुवात आपल्यापासून करू या. मार खाऊन आलेल्या बाईला आपणही आधी विचारतो, "भांडण कशावरून झालं?" तिला लगेच कळतं की इथेही आपलीच चूक शोधणार. हा प्रश्न नंतर विचारता येईल. पहिला प्रश्न असा असू दे : "त्यानं काय केलं? आणि आज रात्री तू कुठे राहणार?"