टायर मोठे घालण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानांत जिम्नी, थार, गुरखा रांगेने उभ्या राहतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "सगळ्यात मोठा कुठला बसेल?" मंडळी, रिमवर पुष्कळ काही बसतं. चाक पूर्ण वळवल्यावर, एक बाजू खड्ड्यात गेल्यावर ते मडगार्डच्या आत मावतं का, ते विचारा.

मोठ्या टायरला माझा विरोध नाही. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत. लिफ्ट किट घातलं की बॉडी उंच होते, पण डिफरन्शिअलचा गोळा होता तिथेच लोंबत राहतो आणि दगडाला लागतो तोच. त्याला वर घ्यायला टायरशिवाय उपाय नाही. फक्त किती वर, ते आधी कागदावर मांडा. कंपनीचा टायर १९५/८० आर १५, उंची साधारण ६९३ मिलिमीटर. हौशी लोक २३५/७५ आर १५ घालतात, तो सुमारे ७३३. फरक ४० मिलिमीटरचा, पण गोळा उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे २०. अंगठ्याच्या रुंदीएवढा.

आता त्याची किंमत बघा. टायरचा घेर जवळजवळ सहा टक्के वाढला, म्हणजे काटा ८० वर असताना गाडी त्या हिशेबाने ८४-८५ ने पळते. कंपनीचा काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे त्यातलं काही झाकलं जातं, पण मीटरवर १०,००० किलोमीटर दिसले तर टायर धावलेले असतात त्याहून अधिक. ऑइल लवकर बदला. चढाला जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज पडतं. ब्रेक मात्र तेच, आणि थांबवायचं चाक आता जास्त जड. भरल्या गाडीने वरंध घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. स्टेपनीही तेवढीच जड होते आणि तिचा सगळा भार मागच्या दाराच्या बिजागरीवर येतो.

घासतं का, हे तपासायची रीत सोपी आहे. टायरच्या आतल्या कडेला खडू फासा. पुढचं एक चाक दगडांच्या उंचवट्यावर चढवा, मागे माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, गाडी पुढे-मागे घ्या. मग बॅटरी घेऊन खाली वाका. अ‍ॅक्सलला धरणाऱ्या आडव्या आर्मवर किंवा मडगार्डच्या प्लास्टिकवर पांढरा फराटा दिसला, की तिथे उद्या रबर सोललं जाणार. कुणी स्पेसर सुचवेल. त्याने चाक बाहेर येतं खरं, पण बेअरिंगवर ताण वाढतो. कुणी स्टिअरिंगचा वळाव कमी करून देईल, मग घाटातल्या वळणावर एका झटक्यात वळणारी गाडी दोनदा मागे घ्यावी लागेल.

कायद्याकडेही डोळेझाक नको. मूळ तपशिलाशी फारकत घेणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच बदल पुढे करून भरपाई नाकारू शकते, आणि ती रक्कम दंडाच्या कितीतरी पट असते.

म्हणून माझं ऐकाल तर आधी हवा सोडून बघा. कोकणातल्या तांबड्या चिखलात आहे तोच टायर १८ पीएसआयच्या आसपास आणला की तो पसरतो, जमिनीला लांबलचक धरतो आणि निम्म्याहून अधिक अडलेल्या गाड्या त्यावरच निघतात. खर्च एका प्रेशर गेजचा नि बारा व्होल्टच्या छोट्या कॉम्प्रेसरचा. मात्र तेवढ्या हवेवर जोरात वळू नका, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी पुन्हा हवा भरा. त्यानेही भागलं नाही तर त्याच मापाचा ऑल-टेरेन घ्या. एक पावसाळा त्यावर काढा.

तरीही मोठेच हवे असतील तर लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नसल्याची खात्री करा, पाचही चाकं एका मापाची घ्या आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. कंपनीचे टायर दुकानदार पडत्या भावात मागेल, देऊ नका. वर्षभर सावलीत उभे करून ठेवा.